वाढत्या पायाचे बूट

माझ्या पायांबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याला तेच जबाबदार आहेत, आणि स्वतःला सोडून दुसऱ्या कुणावर तरी खापर फोडायची मला जुनी सवय आहे.

हे पाय पुढून पसरट आणि टाचेकडे एकदम निमुळते आहेत. उलथनं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं हाड बाहेर आलंय. डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा. वरचा उंचवटा असा, की बूट घालताना चमचा लागतो आणि काढताना दुसरा माणूस. वडिलांचे पाय असेच होते, आत्याचे असेच आहेत. आमच्याकडे मूल झालं की नाक कुणाचं घेतलंय हे बघण्याआधी लोक दुपट्याखालचे पाय बघतात आणि मग विषय बदलतात.

लहानपणी यावर एकच इलाज होता: मोठा नंबर. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात वडील मला साताऱ्यातल्या एका बुटांच्या दुकानात न्यायचे. मी बुटात पाय घालून उभा राहिलो की ते वाकून अंगठ्याने बुटाचं टोक दाबायचे. आत माझं बोट लागलं की मान हलवायचे. ‘वाढतं अंग आहे. एक नंबर वरचा दाखवा.’ अंगठ्याला पोकळी सापडली की त्यांचा चेहरा खुलायचा. घरी आल्यावर आई त्या पोकळीत कापूस कोंबायची आणि मी सगळा जून कापसावर चालायचो. बरोब्बर मापाचा बूट घेणारा माणूस म्हणजे उद्याचा विचार न करणारा माणूस, असं आमच्याकडे पक्कं होतं. हे माझ्या हाडात इतकं मुरलंय की पन्नाशी आली तरी बुटांच्या दुकानात माझा अंगठा आपोआप टोकाकडे जातो.

आता ज्याच्यावर सूड उगवायचा होता त्याच्याकडे येतो.

तो माझा कॉलेजच्या हॉस्टेलमधला रूममेट. मूळचा नागपूरचा, आता कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत माझ्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे राहतो. दर फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला इथल्या आठ मराठी घरांची टाहो तलावाकडच्या डोंगरांत स्कीइंगची ट्रिप निघते. घर बुक करण्यापासून पोह्यांचं सामान कोण आणणार इथपर्यंत सगळं हाच ठरवतो. म्हणून मोठे त्याला कॅप्टन म्हणतात आणि मुलं कॅप्टनकाका. डोंगरावर तो सगळ्यांच्या पुढे निघतो, मधल्या एका वळणावर थांबतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला हात करून, नावानिशी हाका मारून, चुका सांगून खाली पाठवतो. लोकांना वाटतं काय हा माणूस, सगळ्यांची किती काळजी. मलाही तसंच वाटायचं, पण ते डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लॉजच्या खिडकीतून.

कारण तीन वर्षं मी त्या खिडकीत बसून हॉट चॉकलेट पीत इतरांची जॅकेटं सांभाळायचो. हे काम मला उत्तम जमत होतं. पण मुलगी सोळा वर्षांची झाली. घरी ती आमच्याशी मुख्यतः तिच्या खोलीच्या बंद दारातून बोलते. बायकोनं मात्र एकदा सहज सांगितलं की चेअरलिफ्टवर ती भरपूर बोलते. शेजारी बसायचं, पाय खाली लोंबकळत ठेवायचे, समोर बघत राहायचं, आणि वर पोचेपर्यंतच्या सात-आठ मिनिटांत मैत्रिणी, शिक्षक, पुढे काय करायचंय, सगळं तिच्या तोंडून बाहेर पडतं. मला हे माहीतच नव्हतं. मी खिडकीत होतो. आणि दोन हिवाळ्यांनंतर ती कॉलेजला जाणार होती, बहुतेक ईस्ट कोस्टला. मला त्या लिफ्टवर तिच्या शेजारची जागा हवी होती. पण जो वर जातो त्याला खाली यावंच लागतं, आणि लिफ्टनं परत खाली यायची सोय फक्त माझ्या विचारांत होती.

म्हणून गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत मी स्की शिकायचं ठरवलं. कॅप्टनला इतका आनंद झाला की त्यानं गॅरेजमधून स्वतःचे जुने बूट आणून दिले.

“रेंटचे कायले घालतोस बे? गावभराचे पाय जाऊन आलेले असतात त्यात. हे घे. जरा मोठे आहेत, पण तुला मोठेच लागतात.”

आणि त्यानं वाकून अंगठ्यानं बुटाचं टोक दाबलं. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, एखाद्या बादलीसारखा. तो दाबून आतलं काही कळणं शक्य नाही. तरी दोघांनीही समाधानानं माना हलवल्या. उरलेली पोकळी मी लोकरी मोज्यांच्या दोन जोड्यांनी भरली. आई असती तर कापूस दिला असता.

दोन दिवस मी हिरव्या उतारावर, म्हणजे जिथे पाच-पाच वर्षांची गोरी पोरं माझ्या दोन पायांमधून निघून जात होती तिथे, सराव केला. तिसऱ्या दिवशी मुलीबरोबर लिफ्टनं वर गेलो. मला भीती इतकी वाटत होती की ती काय बोलली त्यातलं एक अक्षर आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की ती बोलत होती.

वरून खाली यायचा रस्ता निळा, म्हणजे मधल्या अवघडपणाचा. स्कीचं तत्त्व साधं आहे. नडगी पुढे टेकवून पाय वळवला की बूट वळतो, बूट वळला की स्की वळते. माझ्या बाबतीत आधी पाय वळायचा, मग आतला मोजा, मग बाहेरचा मोजा, आणि ही बातमी बुटापर्यंत पोचेस्तोवर मी एखाद्या पाइनच्या झाडापाशी आलेलो असायचो. त्या मधल्या वळणावर कॅप्टन उभा होता. हातात फोन. मला तो दिसला, मी त्याला टाळायला डावीकडे वळलो, पाय वळला, बूट सरळ गेला. त्यानंतरचं मला सांगायची गरज नाही, कारण ते सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. गुडघा मुरगळला. डोंगरावरच्या मदतपथकाची, म्हणजे स्की पेट्रोलची, दोन माणसं आली, त्यांनी मला पिवळ्या घसरगाडीत घातलं, गळ्यापर्यंत गुंडाळून पट्टे बांधले, आणि तान्ह्या बाळासारखं लॉजसमोर आणून ठेवलं. तिथे आमची आठही घरं सँडविच खात बसली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलो असतो. पण पाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात, श्रीखंडाच्या आधी, कॅप्टननं पडद्यावर ट्रिपचे क्षण दाखवले. माझ्या क्षणाला त्यानं क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखा स्वतःचा आवाज दिला होता. पडतानाचा भाग हळू केलेला, दोनदा. अडीचशे माणसं हसत होती. मीही हसत होतो, सगळ्यांत मोठ्यानं, कारण अशा वेळी माणूस दुसरं काय करणार. हसता हसता मागे वळून पाहिलं तर मुलीची खुर्ची रिकामी.

ती पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभी होती.  घरी जाताना एका सिग्नलला ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “इट्स फाइन, बाबा. नेक्स्ट इयर यू कॅन जस्ट चिल इन द लॉज.”

ती चिडली असती, ‘यू एम्बॅरस्ड मी’ म्हणाली असती, तर मी सोसलं असतं. पण तिनं मला माफ करून टाकलं. लॉजमध्ये. कायमचं. त्या सिग्नलला मी ठरवलं की कॅप्टनला सोडायचं नाही.

सूड कसा घ्यावा यावर मी उन्हाळाभर विचार केला. आधी वाटलं, त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढावं. पण अ‍ॅडमिन तोच. मग वाटलं, हॉस्टेलमधले त्याचे किस्से गणपतीत सगळ्यांसमोर सांगावेत. पण त्या प्रत्येक किश्श्यात मीही होतो, आणि जास्त वाईट अवस्थेत. शेवटी नक्की झालं. तोच डोंगर, तोच निळा उतार, तेच वळण. तो तिथे नेहमीसारखा उभा असणार. मी मुलीबरोबर वरून येणार, त्याच्या नाकासमोरून सरसर निघून जाणार, आणि त्याच्याकडे तोंड केलेला कॅमेरा या वेळी माझ्या हातात असणार. त्याचा पडलेला चेहरा पाडव्याला पडद्यावर. हळू करून. दोनदा.

यासाठी फक्त चांगले बूट हवे होते. ऑक्टोबरमध्ये मी ऑनलाइन मागवले. रुंद पायांसाठीचे, आणि सवयीनं दोन नंबर मोठे. कॅप्टनवर एवढा राग होता, पण मोठ्या बुटावर काडीचाही नव्हता. अपघात त्याच्या बुटांमुळे झाला, बूट मोठे असल्यामुळे नव्हे, असा माझा हिशेब. सराव म्हणून ते घालून घरातून खडाक खडाक हिंडू लागलो. ते घालूनच सकाळच्या मीटिंगला बसायचो. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचाच माणूस दिसतो हे बरं. एकदा कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला ते घालूनच गेलो. परत आलो तर पाय निघेना. डाव्या पायाचा उंचवटा आत अडकला होता. बायकोनं बूट धरून ओढला, मी जिन्याचा कठडा धरला, मुलगी वरून बघून “ओह माय गॉड” म्हणून परत खोलीत गेली.

बायको हाशहुश करत खाली बसली. “तू हे नक्की कशासाठी करतोयस?”

मी म्हटलं, मुलीसाठी. ती म्हणाली की मुलीसाठी करणाऱ्या माणसाचे दात असे आवळलेले नसतात. मग तिनंच कुणाकडून तरी ऐकलेला पत्ता दिला. टाहोच्या रस्त्यावर, डोंगर सुरू व्हायच्या आधी, एका छोट्या गावात एक बाई आहेत. त्या फक्त स्कीचे बूट बसवून देतात, तेही ज्यांचे पाय कुठेच बसत नाहीत अशांना.

दुकान म्हणजे एक लांबट खोली, प्लास्टिक गरम केल्याचा वास, आणि सत्तरीच्या घरातल्या त्या बाई. पांढरे केस आखूड कापलेले, कमरेला एप्रन, बोटं सुतारासारखी. माझे नवे बूट मी ऐटीत काउंटरवर ठेवले. त्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बूट नंतर, आधी पाय, म्हणाल्या. मोजे काढायला लावून त्यांनी मला एका मोठ्या कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीनं दोन्ही पायांची कड आखली. मला एकदम आठवलं: वडिलांसाठी चपला शिवणारा चांभार असाच वर्तमानपत्रावर त्यांचा पाय आखून घ्यायचा. म्हणजे वडिलांनी स्वतःचं माप घेऊ दिलं होतं. कापूस फक्त माझ्या वाट्याला.

बाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. एखादा डॉक्टर एक्स-रेकडे बघतो तसं. मग त्यांनी माझ्या नव्या बुटातलं आतलं मऊ अस्तर उपसून काढलं आणि नुसत्या कडक कवचात मला पाय घालायला सांगितला. बोटं पुढे टेकवून उभा राहा, म्हणाल्या. टाचेच्या मागे किती जागा उरते ते त्या बोटांनी मोजतात. दीड ते दोन बोटं उरली तर माप बरोबर. माझ्या टाचेमागे त्यांनी दोन बोटं घातली, मग चार, मग मनगटापर्यंत हात आत घालून त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

“या बुटात तुझ्याबरोबर आणखी कुणी राहतं का?”

पन्नास वर्षांत माझ्या पायांवर झालेल्या विनोदांत हा सर्वोत्तम होता हे मला मान्य करावं लागलं. मी तो तिथल्या तिथे मनात जपून ठेवला, दुसऱ्या कुणासाठी तरी.

त्यांनी कपाटातून दुसरा बूट आणला. माझ्या नव्या बुटापेक्षा तीन नंबर लहान. मी म्हटलं, हा माझ्या मुलीला होईल. त्या म्हणाल्या, पाय घाल. घातला. बोटं पुढच्या भिंतीवर आपटली. मी सभ्य शब्दांत ओरडलो. गुडघे वाकव, नडगी पुढे टेकव, म्हणाल्या. वाकवले, आणि टाच मागच्या खोबणीत जाऊन बसली, बोटं भिंतीपासून सुटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बूट माझ्या पायाला चारी बाजूंनी धरून उभा राहिला. मला कसंतरीच वाटलं. कुणीतरी जाहीरपणे हात धरल्यासारखं. तरीही संस्कार सुटत नाहीत. मी वाकलो, अंगठ्यानं टोक दाबलं आणि विचारलं की वाढायला थोडी जागा नको का?

“तू पन्नास वर्षांचा आहेस,” बाई म्हणाल्या. “आता कुठल्या बाजूनं वाढायचा विचार आहे?”

पुढचे दोन तास त्या माझ्या सुपारीवर काम करत होत्या. कवचावर बाहेरून खूण केली, तेवढाच भाग गरम केला, आतून दाब देऊन तिथे फुगवटा काढला. तळव्याखाली माझ्या पायाचा ठसा घेऊन बनवलेली पट्टी बसवली. डाव्या पायाच्या उंचवट्यासाठी अस्तर खरवडलं. मधल्या वेळात मी त्यांना सगळी कथा सांगितली, पिवळ्या घसरगाडीसकट. त्यांनी काम न थांबवता ऐकलं. रागानं बूट बसवायला येणारा मी पहिला नव्हतो, म्हणे. घटस्फोट झालेले पुष्कळ येतात. निघताना माझ्या हातात पातळ मोज्यांचा एकच जोड दिला. एकच, दोन नाही. दोन मोजे म्हणजे पाय घसरतो, घसरला की माणूस बकलं आवळतो, आवळली की रक्त थांबतं आणि बोटं बधिर होतात. आणि कुणी दोन घातलेच, बोटं बधिर झालीच, तर एक मोजा काढायचा, पावलावरची बकलं सैल करायची, फक्त नडगीवरची आवळायची. पाच मिनिटांत पाय परत येतो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात मी ट्रिपच्या आधी चार शनिवार गुपचूप टाहोला जाऊन आलो. शिकवायला एक चोवीस वर्षांची मुलगी होती. ती मला सर म्हणायची आणि मी पडलो की आधी दुसरीकडे बघायची. हळूहळू जमलं. पाय वळला की बूट वळायचा, बूट वळला की स्की वळायची, मध्ये कुठलेही मोजे चर्चा करत बसायचे नाहीत. प्रत्येक वळणावर मी मनात म्हणायचो: कॅप्टन. डावीकडे, कॅप्टन. उजवीकडे, कॅप्टन. लोक श्वासावर लक्ष ठेवतात. मी याच्यावर ठेवत होतो.

फेब्रुवारी आला. पहिल्या सकाळी भाड्याच्या घराच्या दारात सगळे बूट चढवत बसले होते. कॅप्टन माझ्या समोर. एक जाड लोकरी मोजा, त्यावर दुसरा जाड लोकरी मोजा, मग ढगळा बूट, आणि मग दात आवळून प्रत्येक बकल शेवटच्या खाचेपर्यंत. मी बघत होतो, आणि मला बाईंची बोटं आठवत होती. माझे बूट पाहून तो म्हणाला, “लहान मुलांच्या सेक्शनमधून घेतले का बे?” सगळे हसले. मी पण हसलो. या वेळी मला घाई नव्हती.

मुलीला मी फक्त एवढंच म्हटलं की मी वर येतोय. तिनं माझ्याकडे, मग आईकडे पाहिलं, आणि मग वाद न घालता पुढे चालू लागली. लिफ्टवर ती काही बोलली नाही. खुर्चीचा आडवा बार घट्ट धरून बसली होती. सतरा वर्षांच्या मुलीनं बापाच्या काळजीनं बार धरावा, याचासुद्धा मी कॅप्टनच्या खात्यावर राग धरला.

कॅप्टन आमच्या पुढच्या खुर्चीवर होता. वर उतरल्या उतरल्या तो निघाला. आम्ही त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं, म्हणजे मी जाऊ दिलं. मुलीला वाटलं मी घाबरलोय. मग निघालो. डावीकडे, उजवीकडे. मुलगी आधी माझ्या मागे राहिली, आधार द्यायला. मग बरोबरीनं आली. मग तिनं एकदा मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मी तिचं तोंड उघडं राहिलेलं पाहिलं. त्या एका नजरेसाठी मी आणखी चार शनिवार दिले असते.

वळण आलं. कॅप्टन उभा नव्हता. तो कडेला, झाडांच्या सावलीत, बर्फात बसला होता. एक बूट काढलेला, हातमोजे काढलेले, आणि दोन्ही हातांनी तो पाऊल चोळत होता. चेहरा राखेसारखा. आम्हाला पाहताच त्यानं झटकन खिशातून फोन काढून वर धरला, जणू तो शूटिंगसाठीच बसलाय. पण दुसरा हात पावलावरच होता.

मी थांबलो. अगदी त्याच्या समोर, कडक, एका दमात, बर्फाचा फवारा उडवत. वर्षभर ज्याची वाट पाहिली तो क्षण मी जसा आखला होता त्याहून कितीतरी चांगला होऊन समोर बसला होता. मी हातमोजा दातांनी ओढून काढला, खिशातून फोन काढला, आणि फोन मेलेला. थंडीनं बॅटरी गेली होती. बुटांचं सगळं मी शिकलो होतो. फोन आतल्या खिशात ठेवावा हे कुणी सांगितलं नव्हतं.

“काका, आर यू ओके?” मुलगी स्की काढून त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली.

कॅप्टन म्हणाला, एकदम मस्त, तुम्ही लोक जा, मी मागच्यांसाठी थांबलोय. ती हलली नाही. माझ्या मुलीला कुणी बंद दारामागून ‘मस्त’ म्हटलं की कळतं, कारण तो धंदा ती स्वतः करते. थोड्या वेळानं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“बोटं कळत नाहीयेत यार. दर वर्षी होते. इथवर आलो की पाय मरतात. मग थांबावं लागते.”

“दर वर्षी? म्हणजे त्या वर्षी पण?”

“त्या वर्षी पण. तुझं शूटिंग कराले नव्हतो थांबलो मी. बूट सैल कराले थांबलो होतो. कोणी विचारू नये म्हणून फोन काढला, आणि तू नेमका पडला.”

मला खरंच वाईट वाटलं. त्याच्यासाठी नाही, माझ्या रागासाठी. वर्षभर मी ज्याला पाताळयंत्री समजून राग पोसला, तो एक पाय दुखणारा माणूस निघाला. सगळ्यांची काळजी घेणारं ते वळण म्हणजे त्याची बूट सोडायची जागा. हाका, सूचना, हात करणं, सगळं त्याच्या दोन मोज्यांवरचं पांघरूण. एवढ्यावर मी त्याला माफ केलं असेन असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखत नाही. पाय दुखत होते म्हणून फोन काढला, हे ठीक. पण ते हळू करून दोनदा दाखवताना त्याचे पाय दुखत नव्हते.

इलाज मला माहीत होता. पाच मिनिटांचा. तो माझ्या जिभेवर होता, आणि मी जीभ आवरून उभा राहिलो. कॅमेरा मेला म्हणून सूड तोंडीच घ्यायचं ठरवलं.

“हिला सांग,” मी म्हटलं. “मी का पडलो ते हिला सांग.”

“अबे, आता?”

“आत्ता.”

त्यानं पाऊल चोळणं थांबवलं. मुलीकडे पाहिलं. “तुझा बाबा पडला कारण मी दिलेले बूट त्याला मोठे होते. फार मोठे. माझेही मोठेच आहेत. आपल्याला सगळं मोठंच घेऊन दिलं ना बे घरच्यांनी, वाढत्या अंगाचं. हेच बरोबर वाटते.”

मी म्हटलं, वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. पुन्हा सांग. वारा अजिबात नव्हता. त्यानं मोठ्यानं पुन्हा सांगितलं, आणि लिफ्टवरून जाणाऱ्या आमच्या ग्रुपमधल्या दोन काकूंनी ते वरून ऐकलं, जे मी मागितलं नव्हतं पण नाकारलंही नाही.

मग मी खाली बसलो आणि इलाज सांगितला. एक मोजा काढ. पावलावरची सैल, नडगीवरची घट्ट. त्याचा विश्वास बसेना. मुलीनंच त्याचा मोजा ओढून काढला, बूट चढवला, बकलं लावली. पाच-सहा मिनिटांनी त्यानं बोटं हलवली आणि चेहऱ्यावर रंग आला. त्या दिवशी कॅप्टन आमच्या मागून खाली आला, खिशातून लोकरी मोजा लोंबत असलेला. लॉजसमोर आठही घरांनी ते पाहिलं. माझ्या मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. ती सरळ लिफ्टच्या रांगेकडे निघाली आणि म्हणाली, “अगेन?”

लिफ्टवर तिनं बोस्टनच्या कॉलेजबद्दल सांगायला सुरुवात केली. मी समोर बघत होतो, पाय लोंबकळत, दहाही बोटांसकट शाबूत. बाकीचं तिनं मला सांगितलं तसं माझ्यापाशीच राहू द्या.

पण कॅप्टनचं अजून राहिलंय. ट्रिपनंतरच्या शनिवारी मी त्याला त्या बाईंकडे घेऊन गेलो. मैत्रीखातर. त्याच्या बुटाचं अस्तर निघालं, त्यानं कवचात पाय घातला, बाईंचा हात टाचेमागे मनगटापर्यंत गेला, त्यांनी वर पाहून तोच प्रश्न विचारला. मग त्यांनी त्याला तीन नंबर लहान बुटात घातलं. त्या वेळी त्याच्या तोंडून जो आवाज आला तो मी हॉस्टेलच्या चार वर्षांत ऐकला नव्हता. माझा फोन त्या दिवशी पूर्ण चार्ज होता, आणि आतल्या खिशात उबेला.

व्हिडिओ चाळीस सेकंदांचा आहे. हळू केला तर दीड मिनिटाचा. पाडव्याला मी तो दाखवला नाही. गणपतीतही नाही. कॅप्टनला आता त्याच्या मापाचे बूट आहेत, तो त्या वळणावर थांबत नाही, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, माझ्या शेजारी येऊन हळूच विचारतो की ते डिलीट केलं का. मी म्हणतो, बघतो रे, कुठे ठेवलंय ते सापडत नाहीये.